गोठवलेले पहारेकरी



आयोजकांनी मला सांगितलं होतं, विषय तुमच्या आवडीचा घ्या. त्यांना वाटलं असणार, निवृत्त कर्नल आहेत, सीमेवरच्या गोष्टी सांगतील. तर गोष्ट सीमेवरचीच आहे, फक्त ही सीमा रक्त आणि मेंदू यांच्या मधली आहे. तिच्यावर पहारा देणारी एक पेशी आहे. तिचं नाव पेरिसाईट. आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे.

आधीच सांगून टाकतो, मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला माणूस. डॉक्टर किंवा संशोधक मंडळी ऐकत असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावं. जे मला समजलं आणि जाणकारांनी मला तपासून दिलं, तेवढंच बोलेन.

सुरुवात १९८७ पासून करतो. मी तेव्हा कॅप्टन होतो. लडाखमध्ये साधारण साडेसोळा हजार फुटांवर आमची एक चौकी होती. खालून वर येणाऱ्या प्रत्येक माणसाला हवेची सवय करून घ्यावी लागते. सैन्यात त्याचा ठरलेला हिशेब आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस, आणि त्याच्या वर जायचं तर आणखी चार दिवस. सुट्टीवरून परत आलेल्यालाही यातून सूट नाही. हे दिवस म्हणजे रिकामपण वाटतं, पण शरीर आतल्या आत तयारी करत असतं.

त्या वर्षी बर्फ लवकर पडायला लागलं. रस्ता कधीही बंद होईल अशी परिस्थिती होती आणि चौकीवर माणसं कमी होती. आमचा एक जवान सुट्टीवरून आला होता. सातारा जिल्ह्यातला, जेमतेम तेविशीचा. त्याचे शेवटच्या टप्प्यातले दोन दिवस बाकी होते. त्याला वर पाठवायचं की थांबवायचं, हे मला ठरवायचं होतं. मी सही केली आणि तो वर आला.

दुसऱ्या रात्री तो डोकं दुखतंय म्हणाला. चौकीवर सगळ्यांचंच डोकं दुखतं. सकाळी तो फॉलइनला उशिरा आला. बुटाची नाडी सुटलेली, चालताना झोक जातोय, विचारलं एक तर उत्तर भलतंच. मला वाटलं रात्री जास्त घेतलीय. मी सगळ्यांसमोर त्याला झापलं, आणि पंधरा-वीस मिनिटं बाहेर थंडीत उभं ठेवलं. तो काही बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर उद्धटपणाची आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

आमच्या नर्सिंग असिस्टंटने त्याला बंकरमध्ये नेलं आणि एक साधी गोष्ट करायला लावली. सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत चाल. तीन पावलांत तो कोसळला. नर्सिंग असिस्टंट माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, याने घेतलेली नाही. याच्या मेंदूला सूज आलीय. आत्ता खाली न्यायला पाहिजे, उद्या नाही." आठ जणांनी आळीपाळीने स्ट्रेचर उचलून त्याला तीन हजार फूट खाली नेलं. तो वाचला. पण त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आली, आणि काही वर्षांनी तो घरी गेला.

सैन्यात फुफ्फुसात पाणी होण्याला हॅपो म्हणतात. मेंदूला सूज येते तिला हॅको. या आजारांवरचा जगातला एक पायाभूत अभ्यास आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांनी केलेला आहे. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ भारतीय जवानांची निरीक्षणं १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे मी सही केली त्याच्या अठरा वर्षं आधी हे सगळं लिहून ठेवलेलं होतं. मी वाचलेलं नव्हतं.

आता मधली बत्तीस वर्षं सोडून देतो. २०१९. मी निवृत्त होऊन बंगळुरात स्थायिक झालो होतो. एका सकाळी ही स्वयंपाकघरात चहा गाळत होती. गाळणं हातातून पडलं, उजवा हात लुळा पडला, तोंडातून शब्द फुटेना. पक्षाघात. आम्ही वेळेत पोचलो. डॉक्टरांनी गुठळी विरघळवण्याचं औषध दिलं. नंतरच्या स्कॅनमध्ये मोठी रक्तवाहिनी उघडलेली दिसली. सगळे म्हणाले, नशीब चांगलं.

पण हिचं बोलणं पूर्ण परत आलं नाही. पुढे स्मरणशक्तीही उतरत गेली. आज ती मला ओळखते, पण कोण म्हणून ओळखते ते दिवसावर अवलंबून असतं.

मी त्या तरुण डॉक्टरांना एकदा विचारलं, "डॉक्टरसाहेब, मुख्य रस्ता मोकळा झाला, हे तुम्ही मला फोटोत दाखवलंत. मग गाड्या का पोचल्या नाहीत?" ते म्हणाले, "कर्नलसाहेब, कधी कधी हमरस्ता उघडतो पण गल्ल्या बंदच राहतात." आणि मग त्यांनी तो शब्द उच्चारला. पेरिसाईट. मी घरी येऊन वहीत लिहून ठेवला.

आता या पेशीची ओळख करून देतो. आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण प्राणवायू तो खातो वीस टक्के. हा पुरवठा करणाऱ्या केशवाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर एका माणसाच्या मेंदूत त्या सहाशे किलोमीटरच्या आसपास भरतात. मुंबईहून निघालेला माणूस बेळगाव ओलांडून पुढे जाईल एवढी लांबी. आणि एकेक वाहिनी इतकी अरुंद की लाल रक्तपेशीला अंग चोरून एकेरी रांगेत जावं लागतं.

या नळीला आतून अस्तर असतं ते चपट्या पेशींचं. त्या अस्तराला बाहेरून बिलगून बसलेली असते ती पेरिसाईट. सूक्ष्मदर्शकाखाली ती वेलीवर आलेल्या गाठीसारखी दिसते. मध्ये फुगीर अंग, आणि तिथून नळीच्या बाजूने आणि भोवती पसरलेले लांब हात. फ्रान्सच्या शार्ल रूजे यांनी १८७३ मध्ये या पेशींचं वर्णन केलं, आणि पेरिसाईट हे नाव १९२३ मध्ये त्सिमरमान यांनी दिलं. ग्रीकमध्ये पेरि म्हणजे भोवती. मी घरात बोलताना तिला बिलगपेशी म्हणतो.

शरीरात इतर ठिकाणीही या पेशी आहेत, पण विरळ. हातापायाच्या स्नायूंमध्ये अस्तराच्या शंभरेक पेशींमागे एखादी. मेंदूत मात्र अस्तराच्या दर एक ते तीन पेशींमागे एक. आम्हा फौजी लोकांना यावरून लगेच कळतं. ज्या जागी पहारा इतका दाट लावलाय, त्या जागी जपण्यासारखं काहीतरी आहे.

जपायचं काय, हे कसं कळलं त्याचीही गोष्ट आहे. जर्मनीत पॉल एर्लिश यांनी १८८५ च्या सुमारास जनावरांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. सगळे अवयव रंगले, मेंदू रंगला नाही. त्यांना वाटलं, मेंदूलाच रंग धरत नसेल. पुढे त्यांच्याकडे काम केलेल्या एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये ट्रायपॅन ब्लू नावाचा निळा रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता उलटं झालं. मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदूला रंग धरतो, पण रक्तातून तिकडे जायच्या वाटेवर कुणीतरी अडवतंय. यालाच आज रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर म्हणतात.

अनेक वर्षं सगळं श्रेय अस्तराच्या पेशींना मिळालं. २०१० मध्ये नेचर या नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांचे निबंध आले. उंदरांमध्ये पेरिसाईट कमी केल्या की अडसर गळायला लागतो, असं दोघांनाही दिसलं. पहारेकरी उठला की भिंत पाझरते. उंचीवरच्या मेंदूच्या सुजेतही वाहिन्यांमधून पाणी पाझरून मेंदूत साठतं. त्या पाझरण्यात कुणाचा किती हात, हे अजून उलगडतंय. पण त्या जवानाच्या डोक्यात काय चाललं होतं याचं चित्र मला पहिल्यांदा तेव्हा दिसलं.

या पेशीचं दुसरं काम आहे वाट रुंद किंवा अरुंद करण्याचं. तिचे हात नळीभोवती असतात, ते ती सैल सोडते किंवा आवळते. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी २००९ मध्ये आणि लंडनमधल्या गटाने २०१४ मध्ये, उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर काम करून दाखवलं की पक्षाघातात रक्त थांबलं की या पेशी घट्ट आवळल्या जातात. त्यातल्या कित्येक त्या आवळलेल्या अवस्थेतच मरतात. मोठ्या वाहिनीतली गुठळी नंतर काढली तरी ती मेलेली मूठ सुटत नाही. डॉक्टर ज्या बंद गल्ल्यांबद्दल बोलले, त्या या. हिच्या डोक्यात नेमकं हेच झालं का, ते मला कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. पण माझ्या प्रश्नाला उत्तराची दिशा मिळाली.

माझी एक पुतणी संशोधक आहे. मी तिच्यामागे लागलो, मला ही पेशी बघायचीय. ती म्हणाली, "काका, तुम्हाला जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावता येणार नाही. पण कुपी दाखवते." आणि एका शनिवारी तिने मला प्रयोगशाळेत नेलं.

तिथे गुडघ्याएवढ्या उंचीचा ॲल्युमिनियमचा कॅन होता. झाकण उचललं तसा पांढरा धूर जमिनीवर उतरला. मी म्हटलं, "अगं, हा तर आमच्या गावचा डबा!" ती हसायला लागली. पण खरंच. पुणे जिल्ह्यातल्या आमच्या गावात म्हैस माजावर आली की वडील माणूस पाठवायचे, आणि कृत्रिम रेतनवाले मोटारसायकलवर अस्साच डबा बांधून यायचे. त्यातून चिमट्याने बारीक कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, की काम सुरू. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफची स्थापना केली, तेव्हापासून त्या भागातल्या दुधाचं अर्थकारण या डब्याने बदललं. द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. त्या थंडीत जिवंत पेशीतलं घड्याळ थांबतं. वळूचं वीर्य असो, नाहीतर माणसाच्या मेंदूतली पेशी.

हे सारखेपण योगायोगाचं नाही. गोठवण्याची विद्या वीर्यापासूनच सुरू झाली. १९४९ साली लंडनजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि पार्क्स हे तिघे कोंबड्याचं वीर्य गोठवण्याच्या खटपटीत होते. साखरेच्या द्रावणाने काही जमत नव्हतं. एक दिवस एका जुन्या बाटलीने एकदम यश दिलं. तपासलं तर त्यात साखर नव्हतीच, ग्लिसरीन होतं. लेबलांचा घोळ झाला होता. दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, लव्हलॉक आणि बिशप यांनी डायमेथिल सल्फॉक्साईड नावाचं द्रव्य त्याच कामाला वापरलं. प्रयोगशाळेत त्याला डीएमएसओ म्हणतात आणि आज पेरिसाईट गोठवताना तेच घालतात.

ते का लागतं? पेशी फार सावकाश थंड केली तर बाहेरच्या पाण्याचं आधी बर्फ होतं, उरलेलं पाणी खारट होत जातं, पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती सुकते. फार झपाट्याने थंड केली तर पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आतच बर्फ होतं आणि पेशी फुटते. अमेरिकेत पीटर मेझर यांनी साठ आणि सत्तरच्या दशकांत हा दुहेरी धोका मांडला. दोन्हींच्या मधली एक गती असते. अशा बहुतेक पेशींना ती मिनिटाला एक अंश एवढी मानवते.

मिनिटाला एक अंश. हे ऐकलं आणि मी जरा वेळ गप्प झालो. पुतणीने विचारलं, काय झालं काका. मी म्हटलं, काही नाही. सहा दिवस, चार दिवस, चार दिवस. पेशीलासुद्धा टप्प्याटप्प्यानेच न्यावं लागतं. घाई केली की आत काहीतरी फुटतं.

कुपी म्हणजे करंगळीएवढी प्लॅस्टिकची नळी. आत साधारण एक मिलिलिटर द्रव, आणि त्यात पाचेक लाख पेशी. परदेशातून येते तेव्हा कोरड्या बर्फात, म्हणजे उणे ७८ अंशांवर येते. आल्याबरोबर तिला नायट्रोजनच्या डब्यात हलवायचं. पुतणी सांगत होती, एकदा पेटी वाटेत कुठेतरी अडकली, बर्फ उडून गेलं, आणि हातात आलं ते नुसतं गढूळ पाणी. मला नवल वाटलं नाही. रसद शेवटच्या मैलावर मरते, हे मी चाळीस वर्षं बघितलंय.

वितळवताना मात्र उलट, घाई करायची. ३७ अंशांच्या पाण्यात कुपी धरायची आणि मिनिट-दोन मिनिटांत, बर्फाचा कण शिल्लक असतानाच, बाहेर काढायची. कारण डीएमएसओ थंडीत राखणदार असला तरी उबेत पेशीला बाधतो. मग पेशी हलक्या हाताने तयार खाद्यद्रावात सोडायच्या, तळाला चिकटायला मदत करणारा लेप दिलेल्या बाटलीत ठेवायच्या आणि रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी द्राव बदलला की डीएमएसओही निघून जातो.

जिवंत किती आणि मेल्या किती हे मोजायला एक निळा रंग घालतात. जिवंत पेशी तो आत येऊ देत नाही, मेलेली निळी होते. मी रंगाचं नाव विचारलं. ट्रायपॅन ब्लू. गोल्डमानसाहेबांनी १९१३ मध्ये मेंदूची सीमा ज्याने दाखवली, तोच. शंभराहून जास्त वर्षं हा रंग एकच प्रश्न विचारतोय, पहारा जागा आहे की नाही.

मग तिने मला सूक्ष्मदर्शकातून बघायला दिलं. करड्या पार्श्वभूमीवर पसरट, अनेक टोकं फुटलेल्या पेशी. काही हालचाल नाही, काही नाट्य नाही. तरी मी दहा मिनिटं तिथून उठलो नाही.

या पेशींचं करतात काय? एक छोटा पेला असतो, त्याचा तळ सच्छिद्र पडद्याचा. पडद्याच्या वरच्या बाजूला अस्तराच्या पेशी वाढवतात, खालच्या बाजूला पेरिसाईट. म्हणजे मेंदूतल्या केशवाहिनीची भिंत टेबलावर उभी राहिली. मग त्या भिंतीतून वीज किती अडते ते मोजायचं. जितका रोध जास्त, तितकी भिंत पक्की. आता प्राणवायू कमी करून बघा, साखर तोडून बघा, औषध घालून बघा, भिंत कधी आणि किती गळते. कर्करोगावरचं किंवा मेंदूच्या तापावरचं एखादं औषध ही भिंत ओलांडेल का, याचाही पहिला अंदाज इथे घेता येतो. अल्झायमरमध्येही ही पेशी चर्चेत आहे. लंडनच्या एका गटाने २०१९ मध्ये दाखवलं की त्या आजारात साठणारं अमिलॉईड या पेशींना आवळायला लावतं आणि केशवाहिन्या अरुंद होतात. तिथे त्यांनी माणसाच्या मेंदूचे शस्त्रक्रियेत काढलेले नमुनेही तपासले होते.

पण कुपीवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे पुतणीने मला तीनदा बजावलं. पहिली गोष्ट, पेरिसाईटची खात्रीची ओळख पटवणारी एकच खूण नाही. चारपाच खुणा मिळून ओळख पटते, आणि त्यातल्या काही शेजारच्या दुसऱ्या पेशींवरही सापडतात. एकाच बिल्ल्यावर माणसाला गेटमधून आत सोडू नये, तसं हे आहे. दुसरी गोष्ट, या पेशी ठरावीक वेळाच दुप्पट होतात, मग थकतात. हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलेली ही मर्यादा कुपीलाही चुकलेली नाही. तिसरी, बाटलीत वाहतं रक्त नाही, दाब नाही, शेजार नाही. बराकीत वाढलेला जवान आणि चौकीवरचा जवान यांच्यात फरक असतोच.

आता मी ज्यासाठी हे भाषण करायला उभा राहिलो, तिथे येतो.

कुपीवर लेबल होतं. पेशीचा प्रकार, तुकडी क्रमांक, तारीख. मी विचारलं, "हा कोण आहे?" पुतणीला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "अगं, ही पेशी कुणाच्या तरी डोक्यातली असणार ना. तो कोण?"

तिने सांगितलं ते असं. माणसाच्या मेंदूतल्या पेरिसाईट तीन-चार वाटांनी येतात. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढावा लागलेला मेंदूचा तुकडा. मृत्यूनंतर दान केलेला मेंदू. बाजारात विकत मिळणाऱ्या बऱ्याचशा कुप्या मात्र गर्भाच्या मेंदूतून काढलेल्या असतात, गर्भपातानंतर आईने दिलेल्या संमतीने. आणि अलीकडची वाट म्हणजे त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशीला मूळपेशी बनवून तिच्यातून पेरिसाईट घडवायची. यामानाका यांनी २००६-०७ मध्ये शोधलेल्या पद्धतीने.

म्हणजे माझ्या पासष्टीच्या बायकोच्या आजाराचा शोध कधी कधी अशा जिवाच्या पेशीवर होतो ज्याने जगच पाहिलं नाही. मला त्यात पाप दिसलं नाही. पण कुठेतरी एका बाईने, आयुष्यातल्या एका वाईट दिवशी, एका कागदावर सही केली, म्हणून ही कुपी इथे आहे. ती सही समजून केलेली असली पाहिजे, एवढं मला पक्कं वाटलं. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या हेला पेशींवर जगभर संशोधन झालं, आणि घरच्यांना कितीतरी वर्षं पत्ताच नव्हता. आपल्याकडे आता आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात असे नमुने घेणं, साठवणं आणि संमती यावर स्वतंत्र विवेचन आहे. कागद आहे. प्रश्न असतो तो सही करणाऱ्याला तो कुणीतरी बसून समजावतं का, हा.

सहीचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. १९८७ ची माझी सही मी रोज पाहतो.

बंगळुरात निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. मृत्यूनंतर काही तासांत मेंदू दान केला तर तो आजारांच्या अभ्यासासाठी जपला जातो. मी माहिती घेतली. माझी संमती लिहून दिली. मग मनात आलं, हिचाही. ज्या आजाराने तिला माझ्यापासून इतकं लांब नेलं, त्याच्याविरुद्ध तिच्याच मेंदूचा उपयोग होईल. मी कागद टेबलावर ठेवले आणि मुलाला फोन केला. तो बडोद्याला असतो.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, आई अजून आहे."

मी सांगितलं, हिने सासऱ्यांचं नेत्रदान स्वतः पुढे होऊन केलं होतं. तेव्हा म्हणालीही होती की आपलं जे उपयोगी पडेल ते द्यावं. मुलगा म्हणाला, "ती डोळ्यांबद्दल बोलली होती. मेंदूबद्दल तुम्ही विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात बदल्या, मुलांच्या शाळा, सामानाच्या काळ्या पेट्या, सगळ्यावर बोललो. यावर नाही. आणि आता ती सांगू शकत नाही. मी तिच्या शेजारी बसून विचारलंसुद्धा. तिने माझा हात थोपटला आणि चहा मागितला. त्याला मी होकार समजू शकत नाही. एकदा एका माणसाच्या नजरेचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला होता. दुसऱ्यांदा लावणार नाही.

तिचा कागद मी फाडला नाही, भरलाही नाही. खणात ठेवलाय. वेळ येईल तेव्हा मुलगा आणि मी मिळून ठरवू, आणि त्याचं मत माझ्याइतकंच मोजू. माझ्या स्वतःच्या कागदाची प्रत मात्र त्याच्याकडे दिली, कारण मी गेल्यावर फोन त्यालाच करावा लागणार. माझ्या मेंदूतून कुपी निघेलच असं नाही, बहुतेक नमुने वेगळ्या प्रकारे जपतात आणि तपासतात. चालेल. जिथे उपयोग होईल तिथे होवो.

सैन्यात भरती झालेल्या प्रत्येकाचा किंड्रेड रोल असतो. घरी कोण आहे, काही झालं तर कुणाला कळवायचं, सगळं त्यात. फील्डवर जाण्याआधी विशीतला पोरगासुद्धा मृत्युपत्र लिहून देतो आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो. कुणाला त्यात अभद्र वाटत नाही. सिव्हिलमध्ये मात्र साठी उलटलेला माणूस हा विषय काढला की घरचे म्हणतात, शुभ बोला. मंडळी, जोवर समोरचं माणूस बोलू शकतं तोवर विचारणं हेच शुभ. आज जेवताना विचारा. डोळे, मूत्रपिंड, मेंदू, देह, काय द्यायचं, काय नाही. नाही म्हणायचाही त्यांना हक्क आहे. उत्तर जे येईल ते लिहून ठेवा, आणि घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा.

शेवटची एक गोष्ट. तो सातारचा जवान. आमच्या पलटणीच्या मेळाव्यात तो काही वर्षांपूर्वी भेटला. डोकं पांढरं झालेलं, नातवाला घेऊन आला होता. माझ्या पाया पडायला लागला, मी त्याला धरलं. नातवाला म्हणाला, "या साहेबांनी मला डोंगरावरून खाली पाठवलं म्हणून मी वाचलो." मी तेव्हा काही बोललो नाही. हिंमत झाली नाही.

हे भाषण तो ऐकेल की नाही, मला माहीत नाही. ऐकलंस तर ऐक. तुला खाली पाठवणारा तो नर्सिंग असिस्टंट होता. तुला दोन दिवस आधी वर चढवणारी सही माझी होती. त्या सकाळी तुझी चूक नव्हती.

जय हिंद.